पारा

"बीपीच्या बाया तुमच्याकडंच एवढ्या कशा?"
लेंगऱ्याच्या व्हरांड्यात चहा फुंकत साहेब विचारतात.
मी तिन्ही रजिस्टरं काढून ठेवते.
पहिल्यात लाल शाई वर्षाला दोनदा.
तिसऱ्यात एकोणीस वेळा, आणि दिवाळी अजून व्हायचीय.

वाढल्यात, साहेब. खोटं कशाला?
पस्तिशीत पहिलं राहतं,
जुळी असतात औषधाची,
साखर आधीपासूनच.
पण पहिल्या रजिस्टराखाली माझ्या नावानं एक शेरा मारा:
तेव्हा तीन उपकेंद्रांत यंत्र एकच होतं,
त्याचा फुगा चिरलेला,
आणि ते ज्या गावात असेल
त्याच गावात बीपी असायचं.
बाकीच्या गावांत पाय भरलेले असायचे.
पाय भरले म्हणजे मुलगा, म्हणायचे.

लघवी मी परीक्षानळीत उकळायचे,
स्पिरिटच्या दिव्यावर.
पांढरा ढग चढायचा, नासल्या दुधासारखा.
रात्री घरी दूध तापवायला नको वाटायचं.

तानूबाई लोखंडे. पहिलं रजिस्टर, पान एकेचाळीस.
"डोळ्यांपुढं काजवं चमकत्यात," म्हणाली.
सासू म्हणाली, "उपाशी हाय."
तिन्हीसांजेला दातखीळ बसली.
कुणी नाकाशी कांदा फोडला, कुणी लिंबू उतरवलं,
भाऊ देवऋषी आणायला पळाला.
मी यंत्र उघडलं आणि झटक्यात तिचा हात लागला.
काच फुटली.
सारवलेल्या जमिनीवर पारा थेंब थेंब होऊन पळाला.
मी तो गोळा करत राहिले,
सरकारी वस्तू म्हणून,
तिला धरायचं सोडून.

कारणाच्या रकान्यात वरून आलं: अचानक.
तीन आठवडे बांगड्या मनगटात रुतत होत्या. अचानक.

आता यंत्र बॅटरीवरचं. पारा नाही.

मोनाली देवकर ज्येष्ठात कोइमतूरहून माहेरी आली.
नवरा गलाईवाला, दुकानाच्या माडीवरच संसार.
फाईल तमिळमधली. मला अक्षर लागत नाही,
आकडा लागतो. एकशे पन्नास, शंभर.
मग माझ्याकडं, चौतिसाव्या आठवड्यात,
एकशे सत्तर, एकशे दहा.
"पित्त झालंय," ती फासळीखाली हात ठेवून म्हणते.
जोडवी बोटांत बुडालेली.
साबण लावून, दोरा गुंडाळून काढली,
आणि दोन्ही कुल्ल्यांत मॅग्नेशियम, पाच पाच ग्रॅम.
"आई गं, अंग पेटलं!"
पेटू दे, बाई. झटक्यापेक्षा बरं.

एकशे आठमध्ये विटा, तासगाव, द्राक्षाच्या बागा,
मी दर थोड्या वेळानं तिच्या गुडघ्यावर टिचकी मारत होते.
पाय उडाला की माझा श्वास सुटायचा.
ड्रायव्हर आरशातून बघायचा,
त्याला वाटलं असेल बाई खेळतीय.

मिरजेला रात्री दोनला मुलगी झाली. दीड किलो. काचेच्या पेटीत.
तिचा बाप दोन दिवसांनी पोचला, बोटं तेजाबानं पिवळी.
पोरीकडं बघायचं धाडस होईना म्हणून
माझ्या हाताकडं बघत राहिला.
"बाई, सोन्याला पारा लागलाय.
जुना दिसतोय. द्या, तापवला की उडून जाईल."
मी अंगठी फिरवून डाग आत घेतला.
म्हटलं, राहू दे.

तर साहेब, तक्ता तुमच्या मनासारखा काढा.
रेघ वर जाते ते मला कळतं.
ती वर जाते आणि एकेचाळिसावं पान
तिसऱ्या रजिस्टरात येत नाही,
हेही जमलं तर कुठं तरी काढा.
येणारच नाही असं मी म्हणत नाही.

मोनालीची जोडवी माझ्या पाकिटात होती.
काल मुलीला घेऊन आली, डोसाला.
मी जोडवी पुढं केली.
तिनं ती घेतली नाहीत, बाही वर सारली,
म्हणाली, "आधी मोजा."